ठणका आणि कोरड: सातारा-सांगलीच्या घराघरांतलं एक दुखणं

म्हशीची धार पहाटे काढावी लागते. दूध संकलनाची वेळ ठरलेली असते आणि म्हैसही आपली वेळ सोडत नाही. आमवाताच्या रुग्णाची बोटं नेमकी त्याच वेळी सर्वांत जास्त आखडलेली असतात. या आजारातली सूज पहाटे जोरात असते, आणि हालचाल सुरू झाल्यावर तासा-दोन तासांनी उतरू लागते. तोवर मूठ वळत नाही, अंगठ्यात जोर येत नाही, कळशी उचलायला दोन हात लावावे लागतात. भिलवडी-पलूसपासून कराड-फलटणपर्यंतच्या दुधाच्या पट्ट्यात कितीतरी बायकांच्या आजाराची पहिली खूण गोठ्यातच दिसते. धार काढायचं काम हळूच सुनेकडे किंवा मुलाकडे जातं. ‘वात आलाय’ म्हणून घर कामाला लागतं आणि बाईही लागते.

पुढे वर्ष-दोन वर्षांत तिच्या डोळ्यांत वाळू टाकल्यागत कचकच सुरू होते. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. रात्री दोन-तीनदा उठून तोंड ओलं करावं लागतं. दाढा एकापाठोपाठ एक किडतात. डोळ्यांचा डॉक्टर थेंब देतो, दातांचा डॉक्टर दाढ काढतो, हाडांचा डॉक्टर वेदनाशामक गोळी लिहितो. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पण सांध्यांचा ठणका आणि ही कोरड यांचा काही संबंध आहे का, हे विचारणारं माणूस तिला बरीच वर्षं भेटत नाही. या लेखाचा सगळा भर त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. कारण माझ्या मते सातारा-सांगली भागात औषधांची टंचाई हा या आजारातला मुख्य अडथळा नाही. मुख्य अडथळा आहे तो वाया जाणारा काळ.

आधी आजार समजून घेऊ. शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंवर धावून जाण्याऐवजी आपल्याच पेशींवर उलटते, अशा आजारांना स्वयंप्रतिकारक आजार म्हणतात. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, हा हल्ला सांध्यांच्या आतल्या नाजूक अस्तरावर होतो. अस्तर सुजतं, जाड होतं आणि वेळेत आवरलं नाही तर शेजारचं हाड आणि कूर्चा कुरतडू लागतं. शोग्रेनच्या आजारात हाच हल्ला अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर होतो. नाक, घसा, त्वचा आणि योनिमार्गही कोरडे पडतात. शेवटच्या कोरडेपणाबद्दल आपल्याकडची बाई नवऱ्याशीही बोलत नाही, डॉक्टरशी तर नाहीच. या दोन आजारांचं नातं जवळचं आहे. आमवाताच्या काही रुग्णांना पुढे कोरड लागते. शोग्रेनच्या बऱ्याच रुग्णांचे सांधे दुखतात, पण त्यांची हाडं सहसा कुरतडली जात नाहीत. आमवातात एका पुरुषामागे साधारण तीन स्त्रिया असतात. शोग्रेनमध्ये दहांतले नऊ रुग्ण स्त्रियाच. दोन्हींत एक तिसरी गोष्ट असते, जी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही: थकवा. रात्रभर झोपूनही अंग आंबलेलं, भांगलणीला चार सऱ्या झाल्या की बसावंसं वाटणं. बऱ्याच रुग्णांना दुखण्यापेक्षाही हाच थकवा जास्त छळतो आणि घरातल्यांना नेमका तोच आळस वाटतो.

हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधले डोळ्यांचे डॉक्टर. १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे कोरड्या डोळ्यांची तक्रार घेऊन एक बाई आली. तिचं तोंडही कोरडं होतं आणि सांधेही दुखत होते. शोग्रेन यांनी तिथून शोध घ्यायला सुरुवात केली आणि १९३३ मध्ये स्टॉकहोममध्ये प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्रियांची माहिती होती आणि त्यांतल्या १३ जणींना सांध्यांचा जुनाट आजार होता. प्रबंध जर्मन भाषेत होता. परीक्षकांना तो फारसा भावला नाही, त्यामुळे शोग्रेन यांची विद्यापीठातली वाटचाल तिथेच अडली. १९४३ मध्ये ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञानं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा जगाचं तिकडे लक्ष गेलं. शोग्रेन यांचा २३ जुलै हा जन्मदिवस आता या आजाराचा जागतिक दिवस म्हणून पाळला जातो. मला या हकिकतीत सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की डोळ्यांच्या डॉक्टरनं रुग्णाला तिच्या सांध्यांबद्दल विचारलं. त्या दिवशी त्यानं एवढंच केलं होतं, आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात आजही तेवढंच व्हायला हवं आहे.

उशीर फक्त खेड्यात होतो असंही नाही. टेनिसपटू व्हीनस विल्यम्सनं २०११ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेतून माघार घेताना आपल्याला शोग्रेनचा आजार असल्याचं जाहीर केलं. त्याआधी कित्येक वर्षं तिला थकव्याचं कारण कळत नव्हतं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या खेळाडूची ही गत. मग जत किंवा आटपाडीच्या शेतकरी बाईला कोण दोष देईल?

या आजारांचं आपल्या भागातलं प्रमाण किती, याचं उत्तर जवळच सापडतं. पुणे जिल्ह्यात, उजनीच्या पाण्याकाठी भिगवण आहे. तिथे १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागानं आखलेल्या पद्धतीनुसार ४०९२ प्रौढांची विचारपूस आणि तपासणी झाली. त्यांतल्या ७४६ जणांना, म्हणजे शंभरातल्या अठरांना, सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. खरा आमवात साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला निघाला. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास होती, सांगलीची २८ लाखांच्या. भिगवणचं प्रमाण इथेही लागू होतं असं धरलं, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून आमवाताचेच वीसेक हजार रुग्ण असायला हवेत. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पाहणी नव्हे. तरी आजार दुर्मिळ नाही एवढं त्यावरून नक्की कळतं. कोरडेपणाच्या आजाराची अशी गावपातळीवरची मोजणी व्हायला हवी. भिगवणनं ती करता येते हे दाखवून दिलं आहे.

भिगवणच्या आकड्यांत एक धोक्याची सूचनाही आहे. शंभरात अठरा जणांचे सांधे-स्नायू दुखतात आणि दोनशेत एकाला आमवात असतो, म्हणजे आमवात दुखण्यांच्या गर्दीत सहज हरवतो. गुडघ्यांची झीज, कंबरेचा मणका, ओझ्यानं दुखणारे खांदे यांच्या रांगेत तो उभा असतो. त्यात २००६ सालच्या चिकुनगुन्याच्या साथीनं महाराष्ट्रात भर घातली. ताप गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे धरलेली माणसं गावोगाव होती, आणि तेव्हापासून कुठलंही सांध्यांचं दुखणं चिकुनगुन्याच्या नावावर घालायची सवय लागली. ओळखायच्या खुणा मात्र साध्या आहेत. झिजेचा गुडघा दिवसभराच्या कामानं, जिने चढून दुखतो आणि विश्रांतीनं बरा वाटतो. आमवातात उलट असतं: विश्रांतीनंतर, विशेषतः सकाळी, सांधे आखडतात आणि कामाला लागल्यावर मोकळे होतात. बोटांची मधली आणि मुळाशी असलेली पेरं, मनगटं, पायांच्या बोटांचे चवडे असे लहान सांधे दोन्ही बाजूंना सारखे सुजतात. बांगड्या निघत नाहीत, जोडवी रुततात. हे सहा आठवड्यांहून जास्त टिकलं तर ते वय नाही, थंडी बाधणं नाही आणि बहुधा विषाणूही नाही.

कोरडेपणाच्या खुणाही स्वयंपाकघरातच सापडतात. सांगलीचं भडंग तोंडात घोळत राहतं, गिळवत नाही. साताऱ्याचा कंदी पेढा टाळूला चिकटून बसतो. भाकरी आमटीत कुस्करूनच खावी लागते. खर्डा-ठेच्यावर वाढलेल्या बाईला स्वतः केलेलं कालवण झोंबतं, कारण लाळेचं संरक्षण गेलेलं असतं आणि बरेचदा तोंडात बुरशीही धरलेली असते. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येईनासं होतं. दुःखाच्या प्रसंगीही डोळे कोरडेच राहतात आणि चार माणसांत तिला निष्ठुर ठरवलं जातं. पाळी जाण्याचं वय, मधुमेह, ॲलर्जीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या यांमुळेही कोरड पडते, म्हणून प्रत्येक कोरड्या तोंडाला शोग्रेन म्हणता येत नाही. पण तीन महिन्यांहून अधिक काळ डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे असतील आणि जोडीला सांधे दुखत असतील, तर तपासणी टाळू नये.

तपासणीबाबत आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. गावच्या लॅबमध्ये ‘वाताची तपासणी’ म्हणून आरए फॅक्टर, एएसओ आणि युरिक ॲसिड अशी जुडी केली जाते. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला की ‘वात नाही’ म्हणून रुग्ण घरी, पॉझिटिव्ह आला की लगेच ‘आमवात’. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. आमवाताच्या काही रुग्णांत हा घटक सापडतच नाही. उलट शोग्रेनच्या साधारण निम्म्या रुग्णांत तो सापडतो, आणि क्षयरोगात, यकृताच्या काही संसर्गांत, निरोगी म्हाताऱ्या माणसांतही सापडू शकतो. म्हणून सोबत अँटी-सीसीपी ही आमवाताची अधिक नेमकी चाचणी लागते, आणि कोरड असेल तर एएनए आणि अँटी-रो. डोळ्यांसाठी शर्मर चाचणी आहे: खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवायची, ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर अश्रू कमी आहेत. १९०३ पासूनची ही चाचणी, खर्च नगण्य, कुठल्याही तालुक्याच्या नेत्ररुग्णालयात होऊ शकते. रक्तातून उत्तर मिळालं नाही तर खालच्या ओठाच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढ्या लाळग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ऐकून भीती वाटते, पण जागा बधिर करून होणारं हे लहानसं काम आहे.

आता औषधं. आमवातात मेथोट्रेक्सेट हा उपचाराचा कणा आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि हे ‘एकदाच’ जितक्यांदा सांगावं तितकं कमी आहे. चुकून रोज घेतल्यामुळे तोंड सोलून येणं, रक्तपेशी कोसळणं आणि मृत्यूही घडले आहेत. माझी सूचना अशी की गावच्या आठवडी बाजाराचा दिवस या गोळीचा दिवस ठरवावा. तो दिवस घरातलं कोणीच विसरत नाही. सोबत फॉलिक ॲसिड, आणि ठरावीक काळानं रक्ताची आणि यकृताची तपासणी. औषध पूर्ण काम करायला दोन-तीन महिने घेतं. इथेच बरेच रुग्ण गळतात, कारण पंधरा दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदलायची आपल्याला सवय आहे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे दुसरं जुनं औषध, मूळचं हिवतापाचं. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, ते करोनावर चालतं या समजुतीनं त्यावर झुंबड उडाली, आणि रोज त्यावर जगणाऱ्या आमवात आणि ल्युपससारख्या स्वयंप्रतिकारक आजारांच्या रुग्णांना दुकानोदुकानी फिरावं लागलं. करोनावर ते उपयोगी नसल्याचं पुढे सिद्ध झालं. शोग्रेनमध्येही त्याच्याबद्दल प्रामाणिकपणे बोलायला हवं. फ्रान्समध्ये १२० रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत कोरड, दुखणं, थकवा यांत ते साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरीही सांधे आणि त्वचेच्या तक्रारींसाठी डॉक्टर ते देतात, कारण ते तुलनेनं सौम्य आहे आणि काहींना गुण येतो. डोस वजनानुसार हवा, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि सुरुवातीला व पाच वर्षांनंतर दर वर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हवी. लाळ वाढवायला पिलोकार्पिनची गोळी आहे. घाम येतो, पण उपयोग होतो. सांध्यांसाठीची महागडी जैविक औषधं भारतीय कंपन्यांनी बनवायला घेतल्यापासून आवाक्यात येऊ लागली आहेत. पण आपला देश क्षयरोगाचा. ही इंजेक्शनं दबलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून आधी त्याची तपासणी झाल्याशिवाय ती घेऊ नयेत.

स्टेरॉइडबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या आमवाताच्या रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये या कामाला नोबेल मिळालं. आजही कमी मात्रेत, थोड्या काळासाठी, डॉक्टरच्या नजरेखाली स्टेरॉइड उपयोगीच आहे. घात होतो तो पुड्यांतून. ‘वातावरचं रामबाण गावठी औषध’ म्हणून बाजारात, जत्रेत, तोंडी प्रसिद्धीवर विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची प्रकरणं देशात वारंवार उघड झाली आहेत. दोन दिवसांत धावायला लावणारी, भूक वाढवणारी, चेहरा गोल करणारी पुडी असेल तर संशय घ्यावा. ती खाऊन साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि एकदम सोडली तर जीवही धोक्यात येतो. म्हणून अशी पुडी घेत असाल तर डॉक्टरला लाजू नका, पुडी बरोबर घेऊन जा.

सांगलीत बसून हळदीबद्दल न बोलणं शक्य नाही. इथली हळद देशभर जाते, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि सांधे दुखतात म्हटलं की प्रत्येक जण हळद-दूध सांगतो. हळदीतल्या कुरकुमिनमध्ये सूज कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसतो. पण हळदीत ते शंभरात तीन भागांच्या आसपास असतं आणि आतड्यातून फारच थोडं रक्तात जातं. माणसांवरच्या बऱ्याच चाचण्या गुडघ्यांच्या झिजेच्या आहेत, आमवातातला पुरावा तोकडा आहे. जेवणातली हळद खुशाल खावी. कॅप्सूलमधली दाट मात्रा मात्र काहींच्या यकृताला बाधल्याच्या नोंदी आहेत, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यानं यकृत जपायलाच हवं.

आयुर्वेदाबद्दलही उडवाउडवी नको. माधवनिदान या ग्रंथात आमवाताचं स्वतंत्र वर्णन आहे, आणि डॉ. चोप्रांच्याच गटानं आयुर्वेदिक मिश्रणाची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनशी तुलना करून २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा निघाला. औषध कुठल्या परंपरेचं हे न बघता त्याची परीक्षा घ्यायची, हा मार्ग मला योग्य वाटतो. पण तुलना सौम्य औषधाशी होती हे ध्यानात ठेवावं, आणि त्या भरवशावर चालू असलेलं मेथोट्रेक्सेट सोडू नये. निर्गुडीचा शेक, तिळाचं कोमट तेल, एरंडाची गरम पानं यांनी आराम पडत असेल तर जरूर करावं. बिब्बा घालणं आणि डाग देणं ताबडतोब थांबवावं. त्यानं कातडी भाजते आणि आतला सांधा आहे तसाच राहतो.

या दोन जिल्ह्यांचं हवामान या आजाराला दोन बाजूंनी गाठतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि माण-खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडच्या रुग्णांना पावसाळा सांध्यांना जड जातो. ब्रिटनमध्ये मोबाइलवर रोज नोंदी घेऊन झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमट हवा, कमी दाब आणि वारा यांचा दुखण्याशी थोडा संबंध दिसलाही. पण पूर्वेकडच्या कोरड्या, धुळीच्या वाऱ्यात डोळे आणि तोंड जास्त हाल सोसतात. दुचाकीवर मागे बसून तालुक्याला जाताना साधा चष्मा किंवा गॉगल लावला तर अर्धी कचकच वाचते. फडात पाचट पेटवताना आणि चुलीच्या धुरापुढे अशा बाईनं थांबू नये. डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार-सहा वेळा, दुखत नसलं तरी घालावेत. जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत.

दातांकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि नुकसान तिथेच सर्वांत जास्त होतं. लाळ आम्ल धुऊन नेते, दातांना खनिजं पुरवते. ती आटली की कीड हिरड्यांच्या कडेनं धरते. कोरड लागली म्हणून खडीसाखर, लिमलेटची गोळी, तासगावचे बेदाणे तोंडात धरायची सवय दात संपवते. त्याऐवजी पाण्याचे लहान घोट, साखरेविना च्युइंगम, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि सहा महिन्यांनी दंतवैद्य. मिश्री सोडावीच लागेल. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोणता कायदा अडवणार? आधीच सुकलेल्या, सोललेल्या तोंडात तंबाखू घोळवत ठेवणं म्हणजे कर्करोगाला जागा करून देणं. आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास अशा बाईनं करू नये, घरच्या वडीलधाऱ्यांनीच तिला तसं सांगावं. तिनं स्वतः सोडला तर तिला बोल लागतो.

लेक लग्नाची किंवा सून दिवसांची वाट बघत असेल तर एक गोष्ट वेळेत कळायला हवी. अँटी-रो पॉझिटिव्ह असलेल्या आईच्या शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाची गती पोटातच मंदावते. म्हणून गरोदरपणात बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. अशा वेळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवणं हिताचं मानतात. मेथोट्रेक्सेट मात्र गर्भाला घातक आहे आणि दिवस राहण्याच्या काही महिने आधीच डॉक्टरच्या सल्ल्यानं बंद करायचं असतं. आजार लपवून लग्न लावण्याची रीत इथे थेट बाळाच्या जिवावर येते.

बहुतेक रुग्ण या आजारासह पूर्ण आयुष्य जगतात. तरी काही खुणांना थांबायला वेळ नसतो. कानाखालची गाठ सुजून तशीच राहिली, वजन उतरू लागलं, तर लगेच दाखवावं, कारण शोग्रेनच्या शंभरातल्या साधारण पाच जणांना पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग होतो. न थांबणारा कोरडा खोकला आणि धाप फुफ्फुसाकडे बोट दाखवतात. एका रात्रीत हातपाय लुळे पडले तर मूत्रपिंडाच्या बिघाडानं पोटॅशियम घसरलेलं असू शकतं. ते भुताटकीचं किंवा करणीचं काम नाही, पोटॅशियम दिल्यावर काही तासांत सुधारतं.

उपचार कुठे मिळतील? मिरजेत १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी इस्पितळ काढल्यापासून हे जंक्शन रुग्णांचंही जंक्शन झालं. अथणी-विजापूरपासून माणसं इथे येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. निदान आणि पहिली औषधं या सर्व ठिकाणी मिळू शकतात. अडचण पैशाच्या रचनेत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी आखलेली आहे. वर्षानुवर्षं घरी घ्यायच्या गोळ्या आणि दर तीन महिन्यांच्या तपासण्यांचा खर्च रुग्णाच्याच पदरातून जातो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत आमवात किंवा शोग्रेन स्वतंत्रपणे नाहीत. बोटं वाकडी होऊन चलनवलन गेलं तरच प्रमाणपत्राचा विचार होतो. सांधा वाचवण्याचा खर्च रुग्णानं करायचा आणि तो निकामी झाल्यावर बदलायला सरकारनं पैसे द्यायचे, ही उलटी व्यवस्था आहे. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या स्वस्त गोळ्या मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित मिळाल्या, तर कितीतरी हात कामाचे राहतील. आशाताईंना तर फक्त दोन प्रश्न शिकवायचे आहेत: सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो, आणि कोरडी भाकरी पाण्याविना उतरते का?

वाचकहो, तुमच्या घरात कोणाची मूठ सकाळी अर्धा-पाऊण तास वळत नसेल, पेरं सुजत असतील आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चालू असेल, तर सुगी संपायची वाट पाहू नका. मिरज, कराड किंवा सातारा, जे जवळ असेल तिथे मेडिसिन विभागात तिला घेऊन जा, आणि डोळे-तोंड कोरडं पडतं हे तिनं सांगितलं नाही तर तुम्ही सांगा. पहिल्या वर्षाच्या आत सुरू झालेलं औषध सांधे वाचवतं. एकदा कुरतडलं गेलेलं हाड कुठल्याही औषधानं परत भरून येत नाही.